मॉर्विद क्लार्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ ही मालिका आल्यापासून या अभिनेत्रीबद्दल मला सतत प्रश्न येतात. बहुतेकांची सुरुवात त्यातल्या गॅलाद्रिएल या तिच्या भूमिकेपासून होते आणि उत्तर देताना मी हमखास २०१५ सालच्या नाटकांवर जाऊन पोचते. दर वेळी तेच पुन्हा लिहिण्यापेक्षा सगळं इथे एका जागी ठेवते आहे. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवले आहेत, फक्त सारखे वाटणारे एकत्र केले.

१. ही मॉर्विद क्लार्क नेमकी कोण?

वेल्सची अभिनेत्री, जन्म १७ मार्च १९८९. जगभर ती ओळखली जाते ती ॲमेझॉनच्या मालिकेतल्या गॅलाद्रिएलमुळे. त्याआधी ‘सेंट मॉड’ या चित्रपटाने समीक्षकांचं लक्ष तिच्याकडे गेलं होतं, आणि त्याच्याही आधी ती लंडन आणि शेफिल्डच्या रंगमंचावर एकामागून एक मोठ्या भूमिका करत होती. मालिकेच्या प्रेक्षकांना तिचा हा तिसरा भाग सहसा ठाऊक नसतो, आणि मला तर तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तपशील प्रश्न ६ मध्ये.

२. नाव कसं म्हणायचं? मॉर्फिड, मॉर्फिद की मॉर्फाइड?

यातलं एकही नाही. नाव Morfydd असं लिहितात. वेल्शमध्ये एकटा ‘एफ’ आला की उच्चार ‘व’ होतो आणि ‘फ’ हवा असेल तर दोन ‘एफ’ लिहितात. शेवटचे दोन ‘डी’ मिळून एकच अक्षर होतं. त्याचा उच्चार करायला जिभेचं टोक दातांच्या मध्ये आणून मऊ ‘द’ म्हणायचा. म्हणून मॉर्विद. ‘र’ आपल्यासारखाच स्पष्ट, इंग्रजीसारखा गिळायचा नाही. खरं सांगायचं तर हे नाव लंडनच्या माणसापेक्षा मराठी माणसाच्या तोंडी सहज बसतं.

नाव जुनं आहे. चौदाव्या शतकातला कवी दाविद आप ग्विलिम याच्या कवितांमधली प्रेयसी याच नावाची. पुढे मॉर्विद ओवेन नावाची एक संगीतकार होऊन गेली. ती १८९१ मध्ये जन्मली आणि अवघ्या सव्विसाव्या वर्षी वारली. वेल्समध्ये हे नाव ऐकलं की अनेकांना आजही आधी तीच आठवते.

३. ती स्वीडिश आहे असं वाचलं. मग वेल्श कशी?

जन्म स्वीडनमध्ये झाला एवढंच. ती दोन वर्षांची असताना कुटुंब वेल्समध्ये आलं आणि कार्डिफला लागून असलेल्या पेनार्थ या समुद्रकाठच्या गावात ती वाढली. आई वेल्श, आणि वेल्श भाषा तिला लहानपणापासून येते. मोठेपणी मुलाखतींसाठी शिकलेली ही भाषा नव्हे.

४. शाळा अर्धवट सोडली होती हे खरं का? मग अभिनय कुठे शिकली?

खरं आहे. सातव्या वर्षी तिला एडीएचडी (लक्ष एका जागी न टिकणं, अतिचंचलता) असल्याचं निदान झालं. वर्गात बसणं कठीण जायचं, आणि सोळाव्या वर्षी तिने शाळा सोडली. याबद्दल ती उघडपणे बोलली आहे. ज्या पालकांच्या घरात असं मूल आहे ते मला हा प्रश्न फार कळकळीने विचारतात, म्हणून लपवाछपवी न करता सांगते: तिचं शिकणं थांबलं नाही, पुढे कार्डिफमधल्या दुसऱ्या एका शाळेत ती गेली.

अभिनयाचे पहिले धडे तिने युवा रंगभूमीत गिरवले. वेल्सचं नॅशनल यूथ थिएटर १९७६ पासून आहे, ग्रेट ब्रिटनचं १९५६ पासून. ती दोन्हींमध्ये होती. सुट्टीत मुलं एकत्र येतात, व्यावसायिक दिग्दर्शकाच्या हाताखाली तालीम करतात आणि शेवटी खऱ्या प्रेक्षकांपुढे नाटक करतात. त्यानंतर ती ड्रामा सेंटर लंडन या संस्थेत गेली. तिथली शिस्त कडक म्हणून प्रसिद्ध होती. १९६३ मध्ये सुरू झालेली ही संस्था आता बंद झाली आहे, त्यामुळे ‘तिथे प्रवेश कसा घ्यायचा’ असं विचारणाऱ्यांनी प्रश्न १० पाहावा.

५. तिने वेल्श भाषेत काम केलंय का, की फक्त इंग्रजीत?

केलंय, आणि कारकिर्दीच्या अगदी सुरुवातीलाच. वेल्श भाषेतली राष्ट्रीय नाट्यसंस्था २००३ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचं नाव थिएट्र गेनेद्लाइथोल कम्री होतं. आता तिला थिएट्र कम्री म्हणतात. या संस्थेने केलेल्या सॉन्डर्स लुइस यांच्या ‘ब्लोदाइवेद’ नाटकात ती होती.

नाटकाची गोष्ट सांगायलाच हवी. ती मॅबिनोगी या मध्ययुगीन वेल्श कथांमधून आली आहे. एका तरुणाला शाप असतो की माणसाच्या वंशातली बायको त्याला मिळणार नाही. मग दोन मांत्रिक ओक, ब्रूम आणि मेडोस्वीट या तीन झाडांची फुलं गोळा करून त्याच्यासाठी एक बाई घडवतात. तीच ब्लोदाइवेद. तिला कोणी विचारलेलं नसतं. ती दुसऱ्याच पुरुषाच्या प्रेमात पडते, नवऱ्याला मारायचा कट करते, आणि शिक्षा म्हणून तिचं घुबड केलं जातं. जुन्या कथेत ती दोषी ठरते. लुइस मात्र तिलाच बोलायला लावतात: मला आई नाही, बाप नाही, गोत नाही, मग तुमची निष्ठा मी कुठून आणू? पूर्ण रूपात हे नाटक १९४८ मध्ये रंगमंचावर आलं. लुइस नुसते नाटककार नव्हते. १९६२ मध्ये वेल्श भाषेच्या भवितव्यावर त्यांनी रेडिओवर भाषण दिलं आणि त्यातून भाषेची चळवळ पेटली. त्या भाषेत व्यावसायिक नाटक करणं म्हणजे काय, याचा अंदाज यावा म्हणून आकडा देते. २०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श बोलणारे सुमारे ५ लाख ३८ हजार निघाले. २०११ च्या जनगणनेतलं आपलं कोल्हापूर शहरच जवळपास तेवढं होतं. एवढ्या लोकांच्या बळावर त्यांची स्वतंत्र दूरचित्रवाहिनी १९८२ पासून चालते आहे, ‘पोबोल अ कूम’ ही मालिका १९७४ पासून सुरू आहे आणि राष्ट्रीय नाट्यसंस्थाही आहे.

६. रंगमंचावर तिने नेमकं काय केलं? यादी द्याल का?

नुसती यादी दिली तर गंमत कळणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. जून २०१५ ते डिसेंबर २०१६ या दीड वर्षात तिने चार नाटकं केली आणि दर वेळी नाट्यगृह वेगळ्या जातीचं होतं.

पहिलं गॅरी ओवेन यांचं ‘व्हायलन्स अँड सन’, लंडनच्या रॉयल कोर्टच्या वरच्या मजल्यावरच्या छोट्या सभागृहात. तिथे शंभर माणसंही मावत नाहीत, पहिल्या रांगेतला प्रेक्षक हात लांब केला तर नटाला लागेल. गोष्ट दक्षिण वेल्सच्या खोऱ्यातली. आई गेल्यावर लिअम हा किशोरवयीन मुलगा मारकुट्या बापाकडे राहायला आला आहे आणि त्याला ‘डॉक्टर हू’चं वेड आहे. मॉर्विदने त्याची मैत्रीण जेन केली होती. संमती म्हणजे काय, हा प्रश्न नाटक शेवटी प्रेक्षकांच्या अंगावर टाकतं आणि तो सगळा भार जेनच्या भूमिकेवर येतो. इतक्या जवळून बघणाऱ्यांसमोर खोटं काही चालत नाही.

त्यानंतर लगेच शेफिल्डच्या क्रूसिबलमध्ये ‘रोमिओ अँड ज्युलिएट’. रोमिओ फ्रेडी फॉक्स, ज्युलिएट ही. क्रूसिबल म्हणजे तेच नाट्यगृह जिथे १९७७ पासून जागतिक स्नूकर स्पर्धा होते. रंगमंच प्रेक्षकांत घुसलेला, तिन्ही बाजूंना मिळून ९८० खुर्च्या. तुम्ही कुठेही वळलात तरी कोणाकडे तरी पाठ होतेच, त्यामुळे नुसत्या चेहऱ्यावर भागत नाही, आवाज आणि सगळं शरीर लागतं. शेक्सपिअरची ज्युलिएट चौदाचीही पूर्ण झालेली नाही. मॉर्विद तेव्हा सव्वीस वर्षांची होती.

डिसेंबर २०१५ पासून डॉनमार वेअरहाउसमध्ये ‘ले लिएझाँ दांजरूझ’, दिग्दर्शन जोसी रूर्क यांचं. जॅनेट मॅकटीअर आणि डॉमिनिक वेस्ट यांच्यासमोर तिने सेसिल केली. कॉन्व्हेंटमधून नुकतीच बाहेर पडलेली, मोठ्या माणसांच्या डावात प्यादं झालेली मुलगी. डॉनमारमध्ये जेमतेम अडीचशे प्रेक्षक बसतात. जानेवारी २०१६ मध्ये हे नाटक नॅशनल थिएटर लाइव्हमार्फत सिनेमागृहांतही दाखवलं गेलं.

आणि २०१६ च्या अखेरीस ओल्ड व्हिकमध्ये ‘किंग लिअर’. त्यावर स्वतंत्र प्रश्न येतो, तो पुढे घेतला आहे.

पाठोपाठ असं काम करणाऱ्याला आवाजाची पट्टी दर वेळी नव्याने लावावी लागते. शंभर जणांपुढे कुजबुज पुरते, हजार जणांपुढे तीच कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत न्यावी लागते. गॅलाद्रिएलच्या शांतपणात जो ताण जाणवतो, तो मला या दीड वर्षातून आलेला वाटतो.

७. ‘नटसम्राट’ लिअरवरून आलं म्हणतात. मग त्यात कॉर्डेलिया कुठे आहे? आणि तिची भूमिका एवढी मोठी का मानतात?

शिरवाडकरांच्या १९७० च्या नाटकामागे लिअर आहे हे खरं, पण अप्पासाहेब बेलवलकरांना कॉर्डेलिया नाही. नंदा आहे, नलू आहे, आणि माया लावणारा विठोबा आहे. बापाला खरं बोलून दुखावणारी आणि तरीही शेवटपर्यंत त्याची राहणारी तिसरी मुलगी मराठी नाटकात नाही. म्हणून आपल्याकडचे प्रेक्षक मूळ लिअर पहिल्यांदा बघतात तेव्हा ही कोण नवीन, असं त्यांना होतं.

भूमिका लांबीने छोटीच आहे. पहिल्या प्रवेशात बाप विचारतो, माझ्यावर किती प्रेम करतेस ते सांग. थोरल्या दोघी भरभरून बोलतात. ही म्हणते, ‘काही नाही, महाराज.’ त्या दोन शब्दांवर पुढचं सगळं नाटक कोसळतं. मग ती फ्रान्सला जाते ती थेट चौथ्या अंकात परतते. मधला दीड-दोन तास प्रेक्षकांनी तिला विसरायचं नसतं, आणि ते साधायला तिच्याजवळ असतो फक्त तो पहिला प्रवेश.

ओल्ड व्हिकचा प्रयोग विशेष गाजला, कारण लिअर होत्या ग्लेंडा जॅक्सन. पंचवीस वर्षं रंगभूमीपासून दूर, त्यातली तेवीस संसदेत खासदार म्हणून घालवून, वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्या परत आल्या. दिग्दर्शन डेबोरा वॉर्नर यांचं, थोरल्या बहिणी सेलिया इम्री आणि जेन हॉरॉक्स, आणि विदूषक वेल्सचेच रिस इव्हान्स. या सगळ्यांमध्ये सत्तावीस वर्षांची मॉर्विद कॉर्डेलिया होती.

८. तिला टीव्हीवर बघायचं तर सुरुवात कुठून करू?

माझा क्रम असा. आधी बीबीसीची २०२० ची ‘ड्रॅक्युला’. तिथे ती मीना मरे आहे. मग ‘पॅट्रिक मेलरोज’, त्यात डेबीची भूमिका लहान आहे पण लक्षात राहते. ‘हिज डार्क मटेरियल्स’मधली सिस्टर क्लारा त्याहून लहान. ही मालिका कार्डिफच्या स्टुडिओत चित्रित झाली, एवढं सांगून पुढे जाते. डिसेंबर २०२३ मध्ये ॲगाथा ख्रिस्तीच्या कथेवरची ‘मर्डर इज ईझी’ आली, त्यात ती ब्रिजेट कॉनवे आहे. संध्याकाळी घरच्यांबरोबर बसून बघायला हीच सगळ्यात सोपी. ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ शेवटी ठेवा. सगळे उलट करतात आणि मग बाकीचं बघायचं राहून जातं.

९. गॅलाद्रिएल तर केट ब्लँचेट होती. ही इतकी तापट का?

काळ वेगळा आहे. २००१ ते २००३ च्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रपटांतली गॅलाद्रिएल सगळं भोगून शांत झालेली आहे. मालिका हजारो वर्षं आधीची आहे, तेव्हा तिचा भाऊ मारला गेला आहे आणि सूड अजून धगधगतो आहे. मूळ लेखक टॉल्किन यांनीच तिच्या आईने ठेवलेलं नाव ‘नेर्वेन’ असं दिलं आहे, म्हणजे पुरुषासारखी ताकदवान मुलगी. त्यामुळे हातात तलवार असलेली गॅलाद्रिएल ही लेखकांची मनमानी आहे असं मला वाटत नाही.

आता भाषेचं. टॉल्किन यांनी सिंदारिन ही एल्फ लोकांची, म्हणजे गॅलाद्रिएलच्या अमर जमातीची, भाषा घडवताना तिचा नाद वेल्शवरून घेतला. वेल्शवर त्यांचं प्रेम होतं आणि १९५५ मध्ये ऑक्सफर्डला त्यांनी इंग्रजी आणि वेल्श या विषयावर व्याख्यानही दिलं होतं. वेल्शची एक खोड सिंदारिनमध्येही आहे, शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं. आपण ‘घर’चं ‘घरात’ करतो, बदल शेवटी होतो. कार्डिफला वेल्शमध्ये काइर्दीद म्हणतात, पण ‘कार्डिफमध्ये’ म्हणायचं झालं की सुरुवातीचा ‘क’ जाऊन नाकातला ‘ङ्ह’ येतो. लहानपणापासून हे जिभेवर असलेल्या मुलीला एल्फची वाक्यं परकी वाटणार नाहीत. क्वेन्या ही टॉल्किनची दुसरी भाषा मात्र फिनिशच्या वळणाची आहे, दोन्हींची गल्लत करू नका.

पहिला सीझन न्यूझीलंडमध्ये चित्रित झाला, दुसरा ब्रिटनमध्ये. पहिला २ सप्टेंबर २०२२ ला आला, दुसरा २९ ऑगस्ट २०२४ ला.

१०. माझ्या मुलीला वेल्समध्ये अभिनय शिकायचा आहे. कुठे पाठवू?

कार्डिफचं रॉयल वेल्श कॉलेज ऑफ म्युझिक अँड ड्रामा. १९४९ मध्ये सुरू झालं. अँथनी हॉपकिन्स इथेच शिकले. प्रवेश ऑडिशनवर मिळतो, तेव्हा पाठ केलेली स्वगतं तयार हवीत. युवा रंगभूमीच्या संस्था (प्रश्न ४) तिथे राहणाऱ्या मुलांसाठी आहेत, भारतातून थेट त्या वाटेने जाता येत नाही.

११. ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’मध्ये आई आणि प्रेयसी एकाच चेहऱ्याच्या का दिसतात? माझा गोंधळ झाला.

गोंधळ मुद्दामच घडवला आहे. अर्मांडो इयानुची यांच्या २०१९ च्या चित्रपटात डेव्हिडची आई क्लारा आणि पुढे तो जिच्या प्रेमात पडतो ती डोरा, दोन्ही भूमिका मॉर्विदने केल्या आहेत. डेव्हिड आहे देव पटेल. आई लवकर गमावलेला मुलगा तिच्यासारखीच भोळी, घर न सांभाळता येणारी मुलगी शोधतो, हे सांगायला एकही जादा संवाद लागत नाही. दुसऱ्यांदा बघताना दोघींचे हात बघा. क्लाराचे हात मुलाला धरून ठेवतात, डोराचे कुत्र्यात गुंतलेले असतात.

१२. तिला बाफ्टा मिळाला की नाही? कुणी हो म्हणतं, कुणी नाही.

दोघंही बरोबर. बाफ्टा म्हणजे ब्रिटनची चित्रपट आणि दूरचित्रवाणीची अकादमी आणि तिचा पुरस्कार. तिची वेल्समधली शाखा आहे बाफ्टा कम्री, तिचे पुरस्कार वेगळे असतात. २०२१ मध्ये ‘सेंट मॉड’साठी तिला बाफ्टा कम्रीचा सर्वोत्तम अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी लंडनच्या मुख्य बाफ्टात ती ‘रायझिंग स्टार’च्या पाच नामांकितांत होती. तो पुरस्कार लोकांच्या मतांवर ठरतो आणि तो बुकी बाकरे हिला मिळाला.

१३. भारतात तिचं काम कसं बघायला मिळेल? मराठीत आहे का?

‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ प्राइम व्हिडिओवर आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये मालिकेचा आशिया-पॅसिफिक प्रीमियर मुंबईतच झाला होता. पहिला सीझन इंग्रजीशिवाय हिंदी, तमिळ, तेलुगू, मल्याळम आणि कन्नडमध्ये आला. त्या यादीत मराठी नव्हती, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. नाटकांसाठी मुंबईच्या एनसीपीएमध्ये होणाऱ्या नॅशनल थिएटर लाइव्हच्या खेळांवर लक्ष ठेवा. जुनी नाटकंही कधीकधी परत लागतात.

१४. ती परत शेक्सपिअर करणार का?

केलं, पण पडद्यावर. अनील कारिया यांच्या ‘हॅम्लेट’मध्ये ती ऑफिलिया आहे आणि हॅम्लेट रिझ अहमद. हा चित्रपट २०२५ मध्ये महोत्सवांत दाखवला गेला. गोष्ट आजच्या लंडनमधल्या श्रीमंत दक्षिण आशियाई कुटुंबात घडते, संवाद शेक्सपिअरचेच. ज्युलिएट, कॉर्डेलिया, ऑफिलिया: तिघी तरुणपणी मरतात, तिघींच्या मरणाला घरातल्या मोठ्यांचे हट्ट कारण असतात. तिन्ही भूमिका एका अभिनेत्रीला मिळणं सोपं नाही.

१५. इतर वेल्श अभिनेत्री सुचवा ना.

तीन नावं. न्यूपोर्टची एमी-फियॉन एडवर्ड्स, ‘डिटेक्टरिस्ट्स’ आणि ‘स्लो हॉर्सेस’मधली. अलेक्झांड्रा रोच, जिने लहानपणी ‘पोबोल अ कूम’मध्ये काम केलं आणि ‘द आयर्न लेडी’त तरुण मार्गारेट थॅचर केली. आणि ईव्ह माइल्स. तिची ‘कीपिंग फेथ’ ही मालिका आधी वेल्शमध्ये ‘इन बोरे मेर्खेर’ नावाने आली. दोन्ही आवृत्त्या एकदमच चित्रित झाल्या: प्रसंग एकदा वेल्शमध्ये, मग तोच पुन्हा इंग्रजीत. ईव्हने त्यासाठी वेल्श शिकून घेतली.

१६. ‘सेंट मॉड’मध्ये देव कोणत्या भाषेत बोलतो? सबटायटल होते पण भाषा कळली नाही.

वेल्श. दिग्दर्शक रोझ ग्लास यांच्या या चित्रपटात मॉड समुद्रकाठच्या गावात एका मरणासन्न नर्तिकेची शुश्रूषा करते आणि देव आपल्याशी बोलतो अशी तिची पक्की समजूत असते. शेवट सांगत नाही. एका रात्री खोलीत देव खरंच बोलतो, आवाज खोल, खरखरीत, जमिनीखालून आल्यासारखा. तो आवाज दुसऱ्या कोणा नटाचा नाही, मॉर्विदचाच आहे, पट्टी खाली उतरवलेला. म्हणजे मॉड इंग्रजीत प्रार्थना करते आणि तिचाच आवाज तिला वेल्शमध्ये उत्तर देतो.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही हे कळलं नव्हतं. नंतर हेडफोन लावून तेवढाच प्रसंग पुन्हा ऐकला आणि प्रश्न २ मध्ये सांगितलेला तो मऊ ‘द’ त्या खरखरीत आवाजातही ओळखू आला. तुम्हीही असंच ऐका, खोलीतला दिवा बंद करून.